दारूबंदीचं डोहाळजेवण

आये,

काल मी तुझं ते पेपरातलं चित्र सासूला दाखवलं. इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाला, लग्नातल्या लुगड्याखाली दडवून ठेवलेलं. या घरात कुणाला माहीत नव्हतं. मामाने लग्न जमवताना सांगितलेलं की पोरीची आई तापाने गेली, गरीब होती, मीठ विकायची. तेवढंच. पण मला सातवा लागलाय आणि सासूने शुक्रवारी ओटी भरायची ठरवलीय. पहिल्या वेळेला मी थंडी वाजतेय म्हणून गोधडीत पडून राहिले आणि बायका नारळ घेऊन परत गेल्या. या वेळेला सोंग चालणार नव्हतं. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच, तरी तुलाच लिहिते. मी तिसरीपर्यंत शिकले, पुढे तूच शाळेतून काढलंस, म्हणून अक्षर वाकडं आलंय. पोरगी निजलीय. सासू शेजारी पापड लाटायला गेलीय. कल्याणात या वेळेला चाळ जरा गप असते.

आपल्याकडे आधी लपवाछपवीचं काही नव्हतं. बा ताडावर चढायचा, मडकी उतरवायचा, तू डोंबिवलीच्या बाजाराकडे ताडी घेऊन बसायचीस. सगळ्यांसमोर, उन्हात. मग सरकारने दारू बंद केली, दारूसोबत ताडीपण बंद केली. झाडं तशीच उभी राहिली आणि बा त्यांच्याखाली बसून राहिला. एक दिवस मुंबईला काम बघतो म्हणून गेला तो गेलाच. तेव्हा खाडीकाठच्या तिवरांत भट्ट्या लागलेल्या. कुणीतरी तुला मोटारीच्या चाकातली ट्यूब कापून आणून दिली. एक तोंड पक्कं बांधायचं, दुसऱ्यातून दारू भरायची, मग पोटाला गुंडाळून वर लुगडं. तुला ते इतकं छान बसायचं! एक हात कमरेवर, पाय फाकवून, जड जड चालायचीस, चालता चालता उसासा टाकायचीस. मला खरंच वाटायचं आता मला भाऊ होणार. डोक्यावर मिठाची पाटी असायची. पोटुशी बाई मीठ विकते म्हणून गाडीत बायका सरकून जागा द्यायच्या.

मला शाळेतून काढलंस ते बरोबर न्यायला. लहान पोर हाताशी असलं की बाई खरी वाटते, असं तू म्हणायचीस. मला एक वाक्य शिकवलेलंस. शिपाई दिसला की मी तुझा पदर धरून विचारायचं, "आये, कळा येतात काय गो?" तेवढंच. एकदा ठाण्याला पुलावर शिपाई अगदी समोर आला, आणि मला तुझ्या पायावरून ओघळ जाताना दिसला. गाठ सुटलेली. मी वाक्य विसरले. मी म्हटलं, "आये, सांडतंय!" शिपाई लांबचा होता, त्याने ऐकलं नाही. पण गल्लीत वळल्यावर तू पाटी खाली ठेवलीस आणि मला अशी थोबाडीत दिलीस की कान वाजला. "सांडलं तरी बोलायचं न्हाय. पायातनं नदी व्हायली तरी बोलायचं न्हाय. खाली बघायचं न्हाय, मागं बघायचं न्हाय. गप चालायचं. समजलं?" मी मान हलवली. आये, ते मला फार चांगलं समजलं. वाक्य विसरले, पण ते कधी विसरले नाही.

नौपाड्यातलं ते घर तुला आठवत असेल. साहेब पेपरात चित्रं काढायचा. रोज एक चित्र, लोकांनी हसायचं. खिडकीशी टेबल, टाक, टिपकागद, शाईच्या मोठ्या बाटल्या. पुढाऱ्यांची पोटं काढायचा, टोप्या काढायचा. त्या घरात मीठ फार लागायचं. बाईसाहेब स्वयंपाकघरात आणि साहेब आपला मागच्या पडवीत मीठ मोजून घ्यायला, स्वतः! तू पाठ करून ट्यूबची गाठ सैल करायचीस आणि तो शाईच्या बाटलीला नरसाळं लावून भरून घ्यायचा. मग मला डोळा मारायचा. बाईसाहेबांना वाटायचं, नवऱ्याला शाई लागते किती. तोच माणूस पेपरात दारूबंदीवर चित्रं काढायचा, आणि तीपण सरकारला हसणारी. मला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. मला वाटायचं पेपरात असंच असतं.

एकदा त्याने मला टेबलापाशी उभं केलं. "हलू नकोस," म्हणाला, आणि हातात लालनिळी पेन्सिल दिली, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. "ही तुझी. फक्त हलायचं नाही." मी श्वासपण घेतला नाही. माझ्या दोन वेण्या, परकर, सगळं बघत बघत तो काढत होता. तुझ्याकडे बघत होता, तुझ्या हनुवटीवरचं गोंदण, नाक, नथ. मला वाटलं आपलं कुणी चित्र काढतंय म्हणजे आपण देखणे असणार.

त्याच दिवशी बाईसाहेबांनी तुला देवघरापाशी बोलावलं. त्यांना मूल नव्हतं. कुणी सांगितलेलं त्यांना, की परक्या गरतीची, दारी आलेल्या पोटुशीची ओटी भरली की आपली कूस उजवते. तुला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि हिरवा खण, त्याचे काठ लाल, त्यावर रुईफुलं. तू पदर पसरलास. आतमध्ये ट्यूब डुचमळली तो आवाज मला आला. बाईसाहेबांनी तुझ्या पोटाला हात लावला आणि हात आपल्या पोटाला लावला. डोळे भरलेले त्यांचे. "हललं हो," म्हणाल्या. दारात साहेब उभा होता. मला त्याचं तोंड दिसत होतं. हसू येऊ नये म्हणून त्याने मूठ चावलेली. बाहेर पडल्यावर तूपण हसलीस. नारळ वाजवून बघितलास आणि म्हणालीस, "पोरी, आज पोट भरून वडी."

पुढच्या आठवड्यात डोंबिवलीच्या वाण्याने तुला हाक मारली. दुकानापुढे लोक जमलेले, पेपर फळीवर पसरलेला. "ये गो ये! तुझं चित्र आलंय पेपरात."

"चल मेल्या."

"देवाशपथ. बघ तरी."

तू पाटी उतरवून बघितलंस. एक मोठी बाटली, तिला लुगडं नेसवलेलं. बाटलीचं पोट हे एवढं. वर बुचाच्या जागी तुझं डोकं, हनुवटीवर गोंदण, नाकात नथ, पार ओठांवर लोंबणारी. टोपीवाला मंत्री डोक्यावरून पदर घेऊन तिची ओटी भरतोय, मागे शिपाई पाळणा धरून उभे. खण तोच, काठांवर रुईफुलं. वाण्याने खालचं वाचून दाखवलं, "दारूबंदीचं डोहाळजेवण." लोक पोट धरून हसत होते. तू वाकून बघत राहिलीस, आणि म्हणालीस, "नाक बरोबर काढलंय मेल्यानं. नथ मोठी केली. येवढी नथ असती माझ्याकडं, तर हे धंदे कशाला केले असते?" ते आणखी हसले.

मग कुणीतरी बोट ठेवलं. "अन् ही मागची कोण?" बाटलीच्या पदराला धरून एक बारकी बाटली उभी होती. दोन वेण्या, परकर, हातात पेन्सिल.

"ही होय? ही पावशेर!" वाणी म्हणाला.

त्या दिवसापासून मी पावशेर. तळ्यावर, देवळापाशी, आपल्या आळीत. पोरं बूच उघडल्यासारखा तोंडाने आवाज काढायची आणि पळायची. तूपण घरात कधी कधी हाक मारायचीस, "ए पावशेर, पाणी दे." तुला ते हसण्यासारखं वाटायचं. मी पाणी द्यायचे. लालनिळी पेन्सिल मी खाडीत फेकून दिली.

तू वाण्याकडून ते पान मागून घेतलंस, चित्र कापलंस, आणि कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलंस. तुला वाटलं संपलं. पेपर म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधतात. म्हणून नेहमीच्या वारी तू परत नौपाड्यात गेलीस. दार बाईसाहेबांनी उघडलं. साहेब मागे खुर्चीत बसून होता, टाक हातात, वर बघितलं नाही. तू म्हणालीस, "मीठ." बाईसाहेबांनी मधलं बोट अंगठ्यात अडकवलं आणि तुझ्या पोटावर टिचकी मारली. मडकं घेताना मारतात तशी. ट्यूब बद्द वाजली. मग माझ्याकडे बघितलं. "हिचीही कुणी ओटी भरेल एक दिवस," त्या म्हणाल्या, अगदी हळू, जेवायला वाढतात तशा आवाजात. "भरणारी बाई आधी टिचकी मारून बघेल. लक्षात ठेव मुली. तुझं खरं असलं तरी मारून बघेल." आणि दार लावलं. आतून साहेबाचा आवाज आला, "अगं, मीठ तरी घ्यायचंस." त्याच्या चित्राला फार वाहवा झाली होती म्हणे.

तू पायऱ्या उतरताना म्हणालीस, "वांझ हाय ती. वांझेचं बोलणं लागत न्हाय." तुला कसं माहीत, आये, काय लागतं आणि काय नाही?

चित्र सगळ्यांनी बघितलेलं, तसं शिपायांनीपण बघितलेलं. स्टेशनाच्या पुलावरचा तो मिशावाला, ज्याला तू भरलेली बाटली देऊन जायचीस, त्याला वरचे लोक हसले असणार, की अरे, पाळणा कुठाय तुझा? मग एक दिवस त्याने तुला पुलाच्या पायऱ्यांवर अडवलं. भर सकाळी, माणसं येतायत जातायत. तो तुला हात लावेना. बाईच्या अंगाला हात लावला तर लोक बोलतील ना. त्याने बाजूने जाणाऱ्या एका बाईला म्हटलं, "ताई, अंबाड्यातला आकडा द्या जरा." त्या बाईने दिला. विचारलंसुद्धा नाही कशाला. हसत होती ती. तिला माहीत होतं, तिनेही पेपर बघितलेला. त्याने तो आकडा तुझ्या लुगड्यावरून पोटात खुपसला आणि काढून बाईला परत दिला. तिने पदराला पुसून डोक्यात घातला.

मी वाक्य म्हटलं. आये, मी त्या दिवशी वाक्य बरोबर म्हटलं. "आये, कळा येतात काय गो?" आणि सगळा पूल हसला.

तुझ्या पायांतून धार लागली. वास सुटला. कुणी ओरडलं, "पाणी गेलं रे! बाळंत झाली!" कुणी ओरडलं, "सुईण बोलवा, शिपाईमामा, तुम्हीच धरा पोर!" "ती बघ, ती बघ मागं, पावशेरपण हाय!" तू खाली बघितलं नाहीस. मागे बघितलं नाहीस. गप चालत राहिलीस, पायरी पायरी, पाटी डोक्यावर सरळ, आणि प्रत्येक पायरी ओली होत गेली. तू माझा हात सोडून दिलेलास. मी तुझ्या ओल्या पावलांवरून चालत खाली आले. खाली तुला धरलं.

तुरुंगातून आलीस तेव्हा तुझं पोट खरंच मोठं झालेलं. आतमध्ये पाणी भरलेलं म्हणे, हातपाय काड्या आणि पोट हे एवढं. आळीतल्या बायका दारावरून जाताना म्हणायच्या, "परत चालू केलं वाटतं." वैद्य आणायला मी गेले तर तो माझ्या तोंडाकडे बघून हसला आणि म्हणाला, "आईला म्हण, गाठ सोड, बरं वाटेल." त्याला वाटलं तो गंमत करतोय. तू मेलीस तेव्हा उचलणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "ट्यूब काढली का रे?" आणि खांदा देताना चौघेही हसत होते. हसताना तिरडी हलत होती. मी मागून चालत होते. मामाने मला धरलेलं. मामापण हसू दाबत होता, मला त्याच्या हातावरून कळत होतं.

आता खरं सांगायचं ते सांगते. पहिल्या वेळेला, ही पोरगी पोटात असताना, सकाळी मी नळावर बादली धरून उभी होते. चाळीतल्या सगळ्या बायका रांगेत. आणि माझ्या पायांवरून ऊन ऊन काहीतरी गेलं. मला वास आला, आये. देवाशपथ, दारूचाच वास आला. मला वाटलं आता कुणीतरी ओरडणार. मी खाली बघितलं नाही. मागे बघितलं नाही. बादली भरली, उचलली, घरात आले, फरशी पुसली, लुगडं बदललं, भाकऱ्या थापल्या. नवऱ्याचा डबा दिला, तो रेल्वेच्या शेडमध्ये कामाला गेला. कळा आल्या तर दात आवळून बसले. सासू विचारायची, "काय गं, तोंड का उतरलंय?" मी म्हणायचे, "काही नाही आत्याबाई." संध्याकाळी पोटातलं हलायचं बंद झालं तेव्हा मी भिंतीला धरून खाली बसले आणि सासूला कळलं. सुईण आली. पोरगी निळी निघाली. रडेना. सुईणीने तिला उलटी धरून मारमार मारलं तेव्हा कुठे मांजरासारखी रडली. अजून तिचा डावा हात नीट उचलत नाही. सुईण जाताना मला म्हणाली, "पाणी कधी गेलं होतं? सकाळी? आणि तू भाकऱ्या करत बसलीस? परत असं केलंस तर दोघांतलं एक तरी जाईल, मग मला बोलवू नकोस, तिरडीवाल्यांना बोलव."

म्हणून आये, मी घाबरलेय. ओटीच्या टिचकीला नाही. मी मला घाबरलेय. परत पाणी जाईल आणि परत मी गप चालायला लागेन. तुझं तेवढं एकच शिकवणं माझ्या अंगात राहिलंय आणि ते माझ्या पोराला मारणार. मी स्वतःला रोज सांगते, ओरडायचं, ओरडायचं. पण तोंड उघडलं की थोबाडीत बसल्यासारखा कान वाजतो. म्हटलं, कुणाला तरी आधीच सांगून ठेवलं पाहिजे. काल दुपारी सासू तांदूळ निवडत होती, मी चित्र काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "आत्याबाई, ही माझी आई."

तिने चित्र उलटं सुलटं केलं. "कोणती? ही टोपीवाली?"

"बाटली."

आधी तिला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, ट्यूब, मीठ, माझं ते नाव, पूल, आकडा, नळावरचं. सांगताना मी तिच्या सुपाकडे बघत होते. संपल्यावर वर बघितलं तर ती हसत होती. आये, ती इतकी हसली की सूप कलंडलं. "अगं बाई! अगं, हे चित्र आमच्या घरात होतं! तुझ्या सासऱ्याने भिंतीला चिकटवलेलं. आल्यागेल्याला दाखवायचा. म्हणजे मी रोज विहिणीच्या तोंडाकडे बघून चूल पेटवत होते!" डोळे पुसले. मग परत चित्राकडे बघितलं. "आणि ही? ही बारकी?" मी मान खाली घातली. "ही तू? पावशेर? अगं देवा, आमच्या पोराने पावशेर करून आणली!" पोरगी उठली, आजी हसतेय म्हणून तीपण हसायला लागली. मी तिथेच बसून तांदूळ गोळा करत होते. मला वाटलं, आता रात्री नवऱ्याला सांगेल, उद्या चाळीला, शुक्रवारी ओटीला येणाऱ्या सगळ्या बायकांना.

हसून झाल्यावर तिने पदर खोचला, माझ्यासमोर बसली आणि माझ्या पोटावर टिचकी मारली. खरंच मारली. मी डोळे मिटले. आतून पोराने लाथ मारली.

"खरं आहे गं बाई," ती म्हणाली, आणि परत हसली. मग माझी हनुवटी धरली, जोरात, दुखेल अशी. "ऐक. मी हसणार. चाळ हसेल. तुझा नवरा हसेल. अशी गोष्ट ऐकून कोण हसणार नाही? पण सांडलं की हाक मारायची. नळावर असलीस तर नळावरून, संडासात असलीस तर संडासातून. मी आधी सुईण आणीन, मग हसेन. आणि गप बसलीस ना, तर तुझ्या आईने एक मारली होती, मी चार मारीन. म्हण बघू."

"काय?"

"सांडलं. म्हण."

माझ्या तोंडून निघेना. तिने म्हणून घेतलं. पाढे म्हणून घेतात तसं, शेजारची बाई डोकावेपर्यंत. शेवटी निघालं, तेही पुटपुटल्यासारखं. "आणखी मोठ्याने, पावशेर," ती म्हणाली. आता या घरातपण मी पावशेर.

शुक्रवारी पाटावर बसेन. टिचक्या बसतील. नळावर ओरडता येईल का, ते नळावरच कळेल.

पोरगी उठलीय. काल तिने चित्र हातात धरलेलं, चांगला हात आहे ना, त्या हातात. बाटलीच्या तोंडावर बोट ठेवून विचारत होती, को? को? मी म्हटलं, आजी. दुसरं काय दाखवणार? तुझा फोटो कुणी काढलाच नाही. हा कागद मी चुलीत घालणार आहे, सासू यायच्या आत. चित्र नाही घालणार. एक सांगते, आये, तू रागावू नकोस. मी डोळे मिटून तुझं तोंड आठवायचा फार प्रयत्न केला, मिठाच्या पाटीखालचं, चुलीपुढचं, तुरुंगातून आल्यावरचं. येत नाही. बाटलीवरचंच येतं. नथ त्याने मोठी केलीय, ते मला माहीत आहे. पण नाक बरोबर काढलंय मेल्यानं.